ओळखीचा माणूस आणि लायसन्सचा नंबर

ताई, नमस्कार.

गेल्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये 1964 साली बांधलेलं घर घेतलं. स्वयंपाकघर आणि एक बाथरूम पूर्ण नवं करायचंय, शिवाय स्वयंपाकघर आणि डायनिंगच्या मधली भिंत काढायचीय. तीन इस्टिमेट आली. एक 88,000 डॉलरचं, एक 62,000 चं. या दोघांच्या कार्डावर लायसन्स नंबर आहे. पहिल्याच्या कार्डावर नुसतं 'बी' लिहिलंय, दुसऱ्याच्या 'बी-2'. फरक विचारायची लाज वाटली. तिसरे गृहस्थ आमच्या मंडळातले, ते 48,000 सांगतात. लायसन्स त्यांच्या चुलतभावाच्या नावावर आहे म्हणे. सामानासाठी 15,000 आधी मागतात. परमिट आम्ही आमच्याच नावावर 'ओनर-बिल्डर' म्हणून काढावं, त्यात पैसे वाचतात, असंही म्हणाले. आमच्या मित्राचं बाथरूम त्यांनीच केलं, छान झालंय. नवरा म्हणतो, एवढी ओळख असताना चाळीस हजार जास्त कशाला घालायचे? ऑक्टोबरमध्ये सासू-सासरे येताहेत, तोवर काम व्हायला हवं. लायसन्सनं खरंच एवढा फरक पडतो का? आणि पडत असेल तर ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

(एक बारीकसा प्रश्न: कामगारांना चहा विचारायचा असतो का? नवरा म्हणतो नको, त्यांचा वेळ जातो.)

— बुचकळ्यात पडलेली

प्रिय बुचकळ्यात पडलेली,

तुमच्या पत्रातला 48,000 हा आकडा वाचून मला काही वाटलं नाही. 15,000 वाचून मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कॅलिफोर्नियात घराच्या दुरुस्तीच्या कामाला कॉन्ट्रॅक्टरनं आधी किती पैसे घ्यायचे याला कायद्यानं मर्यादा आहे: एकूण रकमेच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे 48,000 च्या कामाला 1,000. तुमच्या 88,000 वाल्यालाही 1,000 च. जास्तीचा खास बाँड (म्हणजे काम बिघडलं तर भरपाईसाठी दिलेली हमी) भरलेल्या मोजक्या कॉन्ट्रॅक्टरना यातून सूट आहे, पण तशी नोंद त्यांच्या लायसन्सच्या माहितीत दिसते. बाकी कोणी पंधरा हजार मागत असेल, तर एक तर त्याला नियम माहीत नाही, नाही तर तुम्हाला तो माहीत नसेल अशी त्याची अटकळ आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याच्या हातात घराची चावी द्यायला मी धजणार नाही.

"पण कॅबिनेट ऑर्डर करायला पैसे नकोत का?" असं ते म्हणतील. खरं आहे, लागतात. मग कॅबिनेट तुम्ही स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावानं ऑर्डर करा. फरशा, नळ, सिंकही तसंच. पैसे दुकानात जातील आणि पावती तुमच्याकडे राहील. कॉन्ट्रॅक्टरनं पुढचे हप्ते झालेल्या कामाचे आणि आलेल्या सामानाचेच घ्यायचे असतात, व्हायच्या कामाचे नाही. मंडळातल्या गृहस्थांना हा कॅबिनेटचा पर्याय सुचवून बघा आणि ते काय म्हणतात ते ऐका. सामानाचे पैसे खरोखर सामानासाठीच हवे असतील तर ते लगेच हो म्हणतील.

आता चुलतभावाचं लायसन्स. गाडीचं लायसन्स चुलतभावाकडे आहे म्हणून तुम्ही मला गाडीत बसवून फ्रीवेवर न्याल का? हेही तसंच आहे. लायसन्स उसनं देणं आणि घेणं, दोन्ही बेकायदा. इथं लायसन्स देणारी संस्था म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, सगळे सीएसएलबी म्हणतात. गेल्या दहा वर्षांतला निदान चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि बहुतेकांना दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक धंद्याच्या कायद्याची आणि एक कामाची. बोर्डाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की माणसाचं किंवा कंपनीचं नाव, लायसन्स चालू आहे की बंद, कुठल्या वर्गाचं, बाँड आहे का, कामगारांचा विमा आहे का, जाहीर झालेल्या तक्रारी आणि कारवाया, सगळं समोर येतं. कंत्राटावर सही करणाऱ्याचं नाव आणि तिथलं नाव जुळलं पाहिजे. चुलतभाऊ स्वतः सही करणार असतील, कामावर जबाबदार म्हणून येणार असतील आणि चेक त्यांच्या नावानं लिहायचा असेल, तर तुमचे कॉन्ट्रॅक्टर चुलतभाऊ. मग बोलणी त्यांच्याशी करा.

अगदी किरकोळ कामाला लायसन्स लागत नाही. मजुरी आणि सामान मिळून 1,000 डॉलरच्या आतलं, परमिट न लागणारं आणि मदतनीस न ठेवता केलेलं काम असेल तर चालतं. (2025 च्या आधी ही मर्यादा 500 होती.) तुमच्या मित्राचं बाथरूम या हिशेबात बसत नाही. ते छान झालं याचा आनंद आहे, पण पोहता न येता पाण्यात उतरलेले सगळेच बुडतात असं थोडंच आहे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'ओनर-बिल्डर' परमिट. त्यात पैसे वाचतात हे निम्मं खरं आहे, कारण कॉन्ट्रॅक्टर आपल्या अंगावर घेणार ती जबाबदारी फुकटात तुमच्याकडे येते. त्या अर्जावर सही केली की सिटीच्या लेखी घर बांधणारे तुम्ही. इन्स्पेक्शन नापास झालं, जबाबदार तुम्ही. काम करणारी माणसं लायसन्सवाली नसतील तर ती कायद्यानं तुमची नोकर ठरू शकतात, म्हणजे त्यांचा विमा, त्यांचे कर, शिडीवरून पडून मोडलेला पाय, सगळं तुमच्या दारात. तुमची घराची पॉलिसी हे उचलेलच याचा भरवसा नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या नावानं परमिट काढण्याजोगं लायसन्स आहे, त्याला घरमालकाच्या नावामागे दडायचं कारण काय? पुढे कधी कोणीही, कितीही गोड बोलून, परमिट तुमच्या नावानं काढा म्हणालं, तर तिथंच बोलणी थांबवा.

आता तुम्हाला विचारायची लाज वाटली तो प्रश्न. पत्रातला सगळ्यात महागाचा प्रश्न तोच आहे, आणि माझ्या अंदाजानं 88 आणि 62 मधला बराचसा फरकही त्याच्यातच लपलेला असेल. 'बी' म्हणजे जनरल बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. घराचा सांगाडा उभारण्यापासून सगळं काम तो घेऊ शकतो. 'बी-2' हा गेल्या काही वर्षांत सुरू झालेला वर्ग, राहत्या घरांच्या नूतनीकरणासाठी. निरनिराळ्या प्रकारची निदान तीन कामं एकत्र असली की तो काम घेऊ शकतो: फरशी, रंग, कॅबिनेट, ड्रायवॉल वगैरे. मात्र घराचा भार पेलणाऱ्या भागाला हात लावायची त्याला परवानगी नाही. म्हणजे तुमची ती मधली भिंत छताचा भार घेत असेल, तर 62 हजारवाला ती काढू शकत नाही. तो माणूस वाईट आहे असं नाही, त्याच्या लायसन्समध्ये ते काम नाही इतकंच.

भिंत भार घेते की नाही हे तिच्याकडे बघून, टकटक करून कळत नाही. कॉन्ट्रॅक्टरही भिंतीवर दोन बोटं वाजवून "काही नाही हो, निघेल" म्हणतात, तेव्हा ऐकून सोडून द्या. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावा. तो माळ्यावर चढून वासे कुठल्या दिशेनं गेलेत ते बघेल, भार असेल तर बीम किती जाडीचा हवा ते काढून देईल, सिटीला लागणारा कागदही देईल. त्याची फी पूर्ण कामाच्या मानानं चिल्लर असते. भिंत भार घेत नाही असं निघालं, तर 62 हजारवाल्याचा विचार खुशाल करा. घेते असं निघालं, तर 'बी' वर्गाचाच माणूस हवा, नाही तर भिंत राहू द्या. या एका उत्तराशिवाय तिन्ही आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

तुलना करायचीच तर दोघांच्या हातात एकच यादी द्या. तुमची इस्टिमेट माझ्यासमोर नाहीत, पण सहसा काय होतं सांगते. एकानं जुनं सामान उचलून नेण्याचे पैसे धरलेले असतात, दुसऱ्यानं नाही. एकानं परमिट फी धरलेली असते, दुसरा "ती वेगळी" म्हणतो. आणि फरशा, नळ, काउंटरटॉप यांच्यापुढे 'अलाउन्स' म्हणून एक रक्कम लिहिलेली असते, म्हणजे एवढ्यात बसणारी वस्तू निवडा, वरचे तुमचे. स्वस्त इस्टिमेटमधली अलाउन्स इतकी कमी असते की त्या रकमेत दुकानातली सगळ्यात कोपऱ्यातली, धूळ खात पडलेली फरशीच येते. तुम्ही मधली निवडलीत की 62 चे 70 झालेच. म्हणून आधी वस्तू निवडा, मॉडेल नंबरासकट लिहून काढा आणि मग दोघांकडून नवा आकडा मागा. कंटाळवाणं काम आहे, दोन रविवार जातील. पण नंतरची भांडणं बहुतेक या कागदावर न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतात.

लायसन्सच्या पानावर आणखी एक ओळ बघा, कामगारांच्या विम्याची. तिथं 'एक्झेम्प्ट' असेल तर त्याचा अर्थ, माझ्याकडे कोणी नोकर नाही असं त्यानं बोर्डाला लिहून दिलंय. मग सोमवारी सकाळी तो चार माणसं घेऊन उतरला तर ती कोण? सबकॉन्ट्रॅक्टर असतील तर त्यांची स्वतःची लायसन्सं असतील. नसतील तर तो बोर्डाशी खोटं बोललाय, आणि तुमच्याशी खरं बोलेल असं मानायला काही आधार उरत नाही. तिथंच बाँडचा आकडा दिसेल, 25,000 डॉलर. लोक त्याला विमा समजतात, तसं नाही. ती रक्कम त्या कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध दावा करणाऱ्या सगळ्यांमध्ये मिळून आहे, एकट्या तुमच्यासाठी नाही. आणि अपघातानं शेजाऱ्याचं कुंपण पडलं, पाइप फुटून जमीन भिजली, अशा नुकसानीचा विमा इथं बहुतेक कॉन्ट्रॅक्टरना सक्तीचा नाही. तो आहे की नाही हे कंत्राटात लिहावं मात्र लागतं. आहे म्हणाला तर त्याचा दाखला विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा, फोनवर दाखवलेला फोटो नको.

मग लायसन्सनं फरक काय पडतो? लायसन्स म्हणजे चांगल्या कामाची हमी नव्हे. लायसन्सवाले सुमार कॉन्ट्रॅक्टर मी स्वतः भोगलेत. पण लायसन्स असलं की त्या माणसाकडे गमावण्याजोगं काही असतं. काम बिघडलं तर बोर्डाकडे तक्रार करता येते, साधारणपणे चार वर्षांच्या आत. बोर्ड मध्यस्थी करतं, लवादाकडे पाठवतं, लायसन्स काढूनही घेऊ शकतं. लायसन्स नसलेल्याविरुद्ध कायदा कागदावर उलट जास्त कडक आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम 7031 प्रमाणे त्याला तुमच्याकडून मजुरीसाठी कोर्टात दावा करता येत नाही, इतकंच काय, दिलेले सगळे पैसे परत मागायचा हक्क तुम्हाला आहे. पण ज्याच्या नावावर काही नाही, त्याच्याकडून कोर्टाचा हुकूम घेऊन वसूल काय करणार? आणि मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसणार.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट, कारण ती तुमच्या तिन्ही माणसांना लागू आहे. आमच्या पहिल्या घराचं बाथरूम केलं तेव्हा लायसन्सवाला माणूस नेमला, नंबर तपासला, सगळं रीतसर. काम सुरू झालं आणि पोस्टानं एका फरशीच्या दुकानाकडून जाडसर पाकीट आलं, 'प्रिलिमिनरी नोटिस'. जाहिरात असेल म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. काम संपलं, कॉन्ट्रॅक्टरला शेवटचा चेक दिला, हात मिळवले. दोन महिन्यांनी कळलं की त्यानं फरशीवाल्याला दमडी दिलेली नाही, आणि फरशीवाल्यानं आमच्या घरावर लीन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठीचा कायदेशीर बोजा, नोंदवलंय. कायद्यानं त्याला तो हक्क होता. कॉन्ट्रॅक्टरला मी पूर्ण पैसे दिले होते, याचं दुकानाला काही देणंघेणं नव्हतं. त्या फरशांचे पैसे मी दोनदा भरले. आजही त्या बाथरूमचा फोटो बघितला की फरशाच दिसतात.

तेव्हा नोटिस आली की घाबरू नका, ती धमकी नसते. कोण माल देतंय, कोण काम करतंय, याची ती तुम्हाला मिळालेली यादीच आहे. फ्रिजवर चिकटवा. प्रत्येक हप्त्याच्या वेळी, त्या यादीतल्या ज्यांचे पैसे त्या हप्त्यातून जायचे आहेत, त्यांच्याकडून लीन सोडल्याचा कागद, म्हणजे 'वेवर', मागा. त्याचे ठरलेले नमुने आहेत: चेक देताना 'कंडिशनल' म्हणजे चेक वटला तर हक्क सोडला असा, आणि वटल्यावर 'अनकंडिशनल'. कॉन्ट्रॅक्टर कटकट म्हणून तोंड वाकडं करेल. करू दे. मोठी रक्कम असेल तर चेक कॉन्ट्रॅक्टर आणि दुकान दोघांच्या जोड नावानंही लिहिता येतो.

हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. "15 सप्टेंबरला 10,000" असं नको, "आतलं प्लंबिंग आणि वायरिंग सिटीच्या इन्स्पेक्शनला पास झाल्यावर 10,000" असं हवं. शेवटचा हप्ता बऱ्यापैकी मोठा ठेवा आणि तो शेवटचं इन्स्पेक्शन पास होऊन वेवर हातात आल्यावरच द्या. मधे काही बदल सुचला तर तो किमतीसकट लिहून, दोघांच्या सह्या होऊन मगच काम. "बघू नंतर, आपलेच आहात" हे वाक्य ओळखीचा माणूसच म्हणतो, आणि नंतर आपण त्याच्याशी घासाघीसही करू शकत नाही. सही केल्यावर मन बदललं तर सहसा तीन कामकाजाच्या दिवसांत कंत्राट रद्द करता येतं, तशी सूचना कंत्राटाबरोबर मिळायला हवी. नाही मिळाली तर तेही लक्षात ठेवा.

घर 1964 चं आहे म्हणून एक गोष्ट. 1978 च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, आणि भिंत फोडली की त्याची धूळ घरभर होते. अशा घरांत पैसे घेऊन रंगाला हात लावणाऱ्या फर्मला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि काम सुरू करण्याआधी तुम्हाला माहितीपत्रक द्यावं लागतं. दोघांनाही विचारा. जुन्या फरशीखाली आणि दाणेदार छतात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते तपासल्याशिवाय खरवडायला देऊ नका. घरात लहान मूल असेल तर हा परिच्छेद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

ऑक्टोबरचं म्हणाल, तर तारखेसाठी घाई केलेलं काम मी पाहिलंय आणि त्याच्या खर्चापेक्षा सासू-सासऱ्यांना महिनाभर गॅरेजमध्ये इंडक्शनवर केलेला स्वयंपाक खायला घालणं स्वस्त पडतं. बाथरूम आधी करून घ्या, स्वयंपाकघर मागाहून. इंजिनीअर आणि परमिट यांना लागतो तेवढा वेळ लागतोच.

दोघांपैकी एक निवडताना त्यांच्याकडून दोन पत्ते मागा, एक सध्या चालू असलेल्या कामाचा आणि एक दोन वर्षांपूर्वी संपलेल्या कामाचा. चालू काम बघितलं की तो घर कसं ठेवतो ते कळतं. जुन्या गिऱ्हाईकाला "काम चांगलं झालं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काय बिघडलं होतं, आणि मग त्यानं काय केलं?" असं विचारा. काहीच बिघडलं नाही असं उत्तर आलं तर तो त्याचा मेहुणा आहे.

आणि मंडळातले गृहस्थ. खोटं कारण देऊ नका, "सध्या बजेट नाही" म्हणालात आणि पुढच्या महिन्यात दारात दुसऱ्याचा ट्रक दिसला की आयुष्यभराची अढी बसेल. सरळ सांगा: "भाऊ, घरावर कर्ज आहे, परमिट आणि लायसन्स एकाच नावावर असल्याशिवाय आम्हाला काम काढायचं नाही. तुमच्या नावानं लायसन्स झालं की दुसऱ्या बाथरूमला पहिला फोन तुम्हाला." त्यांचा हात खरंच चांगला असेल तर परीक्षा देणं त्यांच्याही फायद्याचंच आहे. त्यांना राग आला तर येऊ द्या, 15,000 अडकल्यावर येणाऱ्या रागापेक्षा तो लवकर जाईल.

चहा मात्र जरूर विचारा, नवऱ्याचं ऐकू नका. दहा मिनिटं जातात, पण कप हातात असताना माणसं बोलतात. फरशी बसवणाऱ्याला सहज विचारा, मागच्या शुक्रवारचे पैसे मिळाले का म्हणून. तो गप्प बसून खाली बघायला लागला, तर पुढचा चेक लिहायच्या आधी फ्रिजवरची यादी काढा.